‘मना दिसत नाय’

आई भर दुपारी उन्हात डोळे टक्क उघडे ठेवून उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मे महिना होता. द्रोणागिरी डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथे धाकट्या भावाने जुनं घर पाडून तीन मजली घर बांधलंय. गच्चीवर सुकट वाळत घातली होती, ती उलटसुलट करायला आई आणि मी वर गेलो होतो. पांढऱ्या फरशीवरून ऊन असं उसळत होतं की मला डोळ्यांवर पदर ओढून घ्यावा लागला. आई मात्र मधोमध उभी. कपाळावर हात नाही, भुवया आखडलेल्या नाहीत.

“आई, डोळ्यांना ऊन लागत नाही तुला?” मी विचारलं.

“कंयचा उन गो?” ती म्हणाली आणि खाली वाकून सुकट सारखी करायला लागली.

मला बरं वाटलं त्याला कारण होतं. आईचे डोळे मी जन्मभर बारीक केलेलेच पाहिले होते. ती मिठागरात राबलेली बाई. पावसाळा सरला की खाडीचं पाणी कोंड्यांत, म्हणजे बांध घातलेल्या उथळ चौकोनांत, घ्यायचं, ते सुकत गेलं की मीठ ओढून राशी करायच्या, आणि बायकांनी टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून वाहायच्या. वर सूर्य आणि खाली पांढरं मीठ. दोन्हीकडून उजेडाचा मार. आमच्याकडच्या त्या पिढीच्या सगळ्याच बायकांच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी घडी असायची. आईची सगळ्यांत खोल. माझ्या लग्नाच्या फोटोत मांडवाच्या सावलीतही ती डोळे किलकिले करूनच बघतेय. जमिनी सरकारने घेतल्या, मिठागर गेलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. पण ती घडी गेली नव्हती. त्या दिवशी गच्चीवर मात्र ती घडी दिसली नाही. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, सुटली बिचारी.

मी नेरुळला राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त झाले. नोकरीत होते तोवर महिन्या-दोन महिन्यांनी गावी जायचं, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळी परत निघायचं, असं चालायचं. त्यामुळे आईत काय बदलतंय ते मला तुकड्यातुकड्यांनी कळायचं. भाऊ फोनवर सांगायचा. तो कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, त्याचं बोलणं नेहमी घाईचं.

“ताई, टेन्शन घेऊ नको, पण आज आईने चहात मीठ घातलं.”

“अरे, डबे शेजारी शेजारी असतात ना. दिसत नसेल तिला.”

“हां, तेच. मोती पिकलाय तिचा. मी बोलतोय कधीपासून, आपरेशन करून टाकू.”

मोतीबिंदू खरोखरच होता. उजव्या डोळ्यात तर बाहेरूनसुद्धा दुधाळ दिसायचा. त्यामुळे पुढे जे जे होत गेलं ते सगळं आम्ही मोतीबिंदूच्या नावावर टाकलं. आई दोन घरं सोडून तिसऱ्याच दारात जाऊन उभी राहिली. दिसत नाही म्हणून. टीव्हीसमोर बसायची ती आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायला लागली. उजेड सोसत नसेल. दिवसा झोपायची आणि पहाटे उठून भावजयीला म्हणायची, “दिवस डोक्यावर आयला, चूल पेटीव.” अंदाज येत नसेल. आणि कोणी समोर येऊन बसलं की आईचं ठरलेलं वाक्य असायचं, “कोन गो तू? मना दिसत नाय.”

हे वाक्य ती इतक्या सहज, इतक्या गोड बोलायची की कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. समोरचं माणूस आपणहून नाव सांगायचं. नाव कळलं की आई लगेच म्हणायची, “हां हां, बस. च्या ठेव गो सूनबाय.” मग पुढचं बोलणं त्या माणसानेच करायचं आणि आईने मान हलवायची.

भावाच्या मुलाच्या हळदीच्या दिवशी मी ते जवळून पाहिलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव जेवायला, वर डीजे, लाल-निळे दिवे. आईला मी खुर्चीवर बसवून शेजारी बसले होते. मावशी आली. आईची सख्खी धाकटी बहीण, जिच्याबरोबर तिने अर्धं आयुष्य एकाच बांधावरून टोपल्या वाहिल्या. मावशी आईच्या पायाशीच बसली आणि तिचा हात हातात घेतला. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मांडवातले दिवे आईच्या चेहऱ्यावरून फिरत होते, तरी पापणी लवली नाही.

“कोन गो तू? मना दिसत नाय.”

मावशी हसली. “आगो, मी! तुजी भईन! मोती आवरा पिकला का गो तुजा?”

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मीही हसले. पण मावशीचा आवाज ऐकूनही तिला कळू नये? ती शंका मनात आली आणि डीजेच्या ठोक्यात विरून गेली.

हळदीनंतर ऑपरेशनचं नक्की झालं. त्या काळात आई माझ्याकडे एकच गोष्ट मागायची. मिठागर बघायचंय. “मना एकदा ने गो. बांद कंय व्हता ता दावते तुला.” मी म्हणायचे, “आई, आधी डोळे होऊ देत. आता जाऊन तुला काय दिसणार? डोळे झाले की निवांत जाऊ, भाऊ गाडी काढेल.” तिला ते पटायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायची आणि मी पुन्हा तेच सांगायचे.

वाशीच्या एका दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या डोळ्यावरची पट्टी काढली. आईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर तिची नजर जी थांबली ती थांबलीच.

“आवरी म्हातारी कवा झालीस गो?” ती म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या, नर्स हसली, मी तर हसता हसता रडले. किती वर्षांनी आईने मला पाहिलं होतं! माझे पिकलेले केस, गळ्याची सैल झालेली कातडी, सगळं तिने बोट लावून बघितलं. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात शिरली आणि भावजयीला म्हणाली, “टोप कवरं कालं केलंस गो!” ऑपरेशन झालेलं, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, असं सांगून सांगून आम्ही तिच्या हातातून घासणी काढून घेतली. तो आठवडा आमच्या घरातला फार चांगला आठवडा होता. भाऊ येईल-जाईल त्याला सांगत होता, “आमची आई आता एकदम ओके. पोस्टरवरचं पन दिसतं तिला.”

मग मावशी भेटायला आली. मी तिथेच होते. सकाळची वेळ, दार सताड उघडं, ओटीवर भरपूर उजेड. मावशी आईच्या समोर, हातभर अंतरावर बसली.

“दिसते का गो आता मी?”

आईने पाहिलं. तिला दिसत होतं यात शंकाच नव्हती. मावशीच्या नाकातली चमकी, लुगड्याचे काठ, सगळ्यावरून तिची नजर फिरली. तोंडावर हसू होतं ते तसंच राहिलं, पण पुढे काही येईना. मावशी वाट बघत राहिली. शेवटी आई सवयीने म्हणाली, “कोन गो तू? मना दिसत नाय.”

भाऊ आतून टॉवेलने तोंड पुसत बाहेर येत होता. तो पटकन बोलून गेला, “आई, आता काय दिसत नाय? आपरेशन केलंय ना तुझं!”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. थट्टाच होती. पण आईचा चेहरा मी पाहिला. लहान मुलाला चोरी करताना धरावं तसा झाला. तिने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मावशी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

त्या दिवसानंतर आईने ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही. माणसं यायची, ती बघायची, हसायची आणि गप्प राहायची. पुढे पुढे कोणी यायचं म्हटलं की उठून आत जायची. ‘मना दिसत नाय’ या तीन शब्दांच्या आडोशामागे ती किती दिवस, किती वर्षं उभी होती कोण जाणे. आम्ही तिचं भलं करायला गेलो. भलं झालंही. पण उजेड आला तसा तिचा आडोसा गेला. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असं नाही. वाईट मात्र अजून वाटतं.

तपासणीसाठी पुन्हा वाशीला गेलो तेव्हा मी डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी खोलीतला दिवा मंद केला, हातातली छोटी बॅटरी आईच्या डाव्या डोळ्यावर धरली, बाजूला घेतली, पुन्हा धरली. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “बघा. डोळ्याची बाहुली उजेड पडला की झटकन बारीक व्हायला हवी. तुमच्या आईंची होते, पण सावकाश. आणि थोडीच होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तो सोडून द्या. पण डावाही तसाच आहे.”

“म्हणजे मोतीबिंदूमुळे?”

“मोतीबिंदूने दिसणं कमी होतं, बाहुलीची हालचाल सहसा अशी सुस्त होत नाही. वयाने होते. डायबेटिस असेल तर होते, काही गोळ्यांनी होते. त्यामुळे नुसत्या एवढ्यावरून मी काहीच म्हणणार नाही. बाहुली कमी-जास्त करायचं काम मेंदूतून चालतं, म्हणून स्मरणशक्तीच्या आजारात तिच्यात काय फरक पडतो यावर डॉक्टर लोक सध्या बरंच बघतायत. पण ते अजून बघणंच आहे. तुम्ही जे घरचं सांगताय ना, बहिणीला न ओळखणं, वेळेचा घोळ, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.”

आई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “काय बोलते गो ती?”

“तुझ्या डोळ्यातली बाहुली बघतायत, आई.”

“बावली?” आई हसली. “आमी चिंध्यांची करायचूं.”

मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला आईने त्रास दिला नाही. हे डॉक्टर तरुण होते, मराठी थोडं हिंदी वळणाचं, पण वागणं आदराचं. ते काय विचारतील तेच आई उलट विचारायची. “आजी, आज वार कोणता?” “तुमच्याकरं काय वार हाय?” “महिना कोणता चालू आहे?” “भरती कवाची हाय आज, ता सांग.” डॉक्टर हसले. मीही हसले, आणि तेव्हाच मला कळलं की ही आईची चलाखी आहे, मिठागराच्या मुकादमाला गुंडाळायची असेल तशी, आणि ती कशावर पांघरूण घालायला वापरतेय तेही कळलं.

आई शाळेत गेलेली नाही, म्हणून घड्याळ काढा, उलटे आकडे म्हणा, असलं काही डॉक्टरांनी तिला करायला लावलं नाही. मी त्यांना तिच्या कामाचं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “आजी, मीठ कसं करतात? मला काहीच माहीत नाही.”

आई सरसावून बसली. पदर खोचला. “पानी घेवाचा,” ती म्हणाली आणि हाताने बांध फोडून पाणी आत घेतल्यासारखं केलं. “भरतीचा पानी. कोंडीन घेवाचा. मंग...”

आम्ही थांबलो.

“मंग पानी घेवाचा,” ती म्हणाली.

तिचा हात हवेत तसाच होता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगावं म्हणून. मला येत होतं. पाणी मुरू द्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत घ्यायचं, खालची माती पायाने तुडवून घट्ट करायची, मीठ धरलं की ओढायचं. लहानपणी ऐकून ऐकून पाठ झालेलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिचा हवेतला हात हळूच धरून खाली ठेवला आणि म्हणाले, “छान सांगितलंत आजी.”

आजाराचं नाव त्यांनी मला बाहेर सांगितलं. औषधं आहेत, ती वेग थोडा कमी करतील, गेलेलं परत आणणार नाहीत, हेही सांगितलं. भाऊ खाली गाडीत बसून राहिला होता. मी जाऊन काचेवर टकटक केलं, त्याने माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली. पाम बीच रोडवरून जाताना तो एकदाच म्हणाला, “ताई, त्या दिवशी मावशीसमोर मी उगाच बोललो.”

“तुला कुठे माहीत होतं?” मी म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं?

पुढच्याच रविवारी आम्ही आईला मिठागर दाखवायला नेलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. खरं तर नेण्यातही किती अर्थ उरला होता माहीत नाही, पण आम्हां दोघांनाही ते करायचंच होतं. घरापासून लांब नाही ते. गाडीने थोडं गेलं की ट्रेलरची रांग लागते, मग कुंपणं, मग कुंपणाच्या आत एकावर एक रचलेले कंटेनर. जिथे आमचं मिठागर होतं तिथे आता काँक्रीटचं पटांगण आहे. भावाच्या ओळखीने गेटजवळ गाडी उभी करू दिली. आम्ही आईला धरून खाली उतरवलं. ऊन काँक्रीटवरून मिठासारखंच परतत होतं. मी आणि भाऊ डोळ्यांवर हात धरून उभे. आई तशीच.

“आई, इथेच होतं आपलं आगर,” भाऊ म्हणाला. “त्या निळ्या डब्याच्या मागे खाडी.”

“निला,” आई म्हणाली. “लाल. हिरवा.” तिला सगळे रंग दिसत होते. एकेक कंटेनर बोटाने दाखवून ती रंग सांगत गेली, आणि बरोबर सांगत गेली. बांधाबद्दल, आगराबद्दल एक शब्द नाही. आम्ही काही वेळ थांबलो. एक ट्रेलर मागे घेताना मोठ्याने टूं टूं वाजायला लागला, आई दचकली, म्हणून परत निघालो.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. अर्ध्या वाटेत तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि फार मायेने विचारलं, “तुमी लांबसून आयलाव?”

“हो,” मी म्हटलं. “नेरुळवरून.”

“जेवून जावा. आमच्याकरं म्हावरा केलाय.”

आईने मला आयुष्यात पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं. भावाने आरशातून मागे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन-तीन महिन्यांपूर्वी, उजवा डोळा दुधाळ असताना, मी तिला इथे आणली असती तर? कंटेनरांचे रंग तिला दिसले नसते. पण तिने बांध कुठे होता ते दाखवलं असतं. बहुतेक दाखवलं असतं. तो बांध नेमका कुठून जायचा ते आम्हां दोघांनाही माहीत नाही.

यानंतर मी मावशीकडे जायला लागले. आईकडून जे ऐकायचं राहिलं ते मावशीकडून मिळेल, एवढाच विचार होता. मावशीचा मुलगा कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात आहे, मावशी त्याच्याकडे असते. तिचं सगळं डोकं शाबूत. एकदा बोलता बोलता मी सहज विचारलं, “मावशी, आमच्या बरोबरीच्या सगळ्या मुली मिठागरात जायच्या. मला कसं काय बाबांनी शाळेत पाठवलं?”

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. “तुना ठाव नाय?”

“काय?”

“तुजा बाप नाय बोलत व्हता. पोरगी टोपली उचलते, शाला कशाला? तवा तुज्या आयनी सांगलन, पोरीचं डोलं अधू हायत. उन्हान ठेवली तं आंदली व्हईल. पनवेलच्या डाक्टरनी सांगलंय.”

“कुठल्या डॉक्टरने? मला तर कोणी नेलंच नव्हतं.”

“कोनच डाक्टर नवता गो,” मावशी म्हणाली. “तिनीच रचलन.”

मला आठवलं. लहानपणी घरात मी म्हणजे नाजूक डोळ्यांची. उन्हात खेळायला लागले की बाबाच ओरडायचे, “सावलीन ये, डोलं जातील!” मला स्वतःलाही ते खरं वाटायचं. शाळेत मी खिडकीपासून लांब बसायचे. चाळिशीत वाचायचा चष्मा लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तुमचे डोळे उत्तम आहेत, आणि मला उगीच आश्चर्य वाटलं होतं.

मावशीकडून निघाले ती तडक गावी गेले. आई ओटीवर बसली होती. मी तिच्यासमोर बसून विचारलं, “आई, माझे डोळे अधू आहेत असं तू बाबांना सांगितलं होतंस?”

तिने माझे डोळे पाहिले. खरोखर पाहिले, जवळ येऊन, एकेक. मग मान हलवून म्हणाली, “बरं हायत की.”

एवढंच. ते काय होतं, तिला काही आठवलं की समोरच्या बाईचे डोळे तिने नुसते तपासले, मला सांगता येणार नाही. मी चाळीस वर्षांत कधीही विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. बाबांशी काय बोलली, खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरली होती का, माझ्या वाट्याची टोपली मग कोणी उचलली. निवृत्त झाल्यावर महिनाभर गावी राहायचं आणि आईला बोलतं करायचं असं मी कधीचं ठरवलं होतं. निवृत्तही झाले. गावीही राहिले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही यावरून भावाचं आणि माझं वाजलं. तो म्हणाला, “ताई, आता काय फायदा? उगाच तिला दवाखान्याचा त्रास.” मी डॉक्टरबाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यांनी त्याला समजावलं की आजार याने जाणार नाही. पण डोळ्यातून उजेड नीट आत गेला तर दिवस-रात्रीचा घोळ कमी व्हायला मदत होऊ शकते, पडण्याची भीती कमी होते, माणूस घाबरंघुबरं कमी होतं. सकाळी तिला उजेडात बसवत जा, अंधाऱ्या खोलीत बसू देऊ नका, हेही सांगितलं. भावाने ऐकून घेतलं. ऑपरेशन झालं. या खेपेला पट्टी काढल्यावर आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही. नर्सच्या हातातल्या बांगड्या बघत राहिली.

पण तिची झोप सुधारली. पहाटे उठून चूल पेटवायला सांगणं बरंच कमी झालं. भावजयीने आतल्या खोलीला दुपारभर कुलूप घालायला सुरुवात केली आणि आईची खुर्ची ओटीवर आणली. सकाळी सात-साडेसातचं कोवळं ऊन तिथे थेट येतं. आई तिथे बसते. समोरून जाणारी पोरं, कोंबड्या, पाण्याचे टँकर बघते.

एक गोष्ट भावाने सुरू केली, आपणहून. ओटीवर पाय ठेवला की जो तो आधी आपलं नाव आणि नातं सांगतो. “आई, मी तुझा धाकटा, कामावरून आलो.” भावजय म्हणते, “आये, मी तुमची सून, जेवान आनलाय.” शेजारचे, पाहुणे, भाजीवाली, सगळ्यांना त्याने सांगून ठेवलंय. आईला विचारायचं नाही, ओळखलंस का म्हणून. तिने विचारायच्या आत आपण सांगायचं. पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटलं, आता गावाला सवय झालीय. आई पुन्हा माणसांत बसायला लागली आहे.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. नाव सांगते, थोरली मुलगी म्हणून सांगते. ती कधी ‘गो’ म्हणते, कधी ‘तुमी’. आम्ही दोघी सुपात वाल घेऊन सोलत बसतो. तिचे हात माझ्याहून झपाझप चालतात. दुपारी तिला भात भरवते, ती झोपते. मी शेजारी चटईवर आडवी होते, पण डोळा लागत नाही. जाग आली की तिला चहा लागतो, तो करून देते आणि चारच्या सुमाराला निघते. मागच्या रविवारी ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “परत येवा हां.” मी येते म्हटलं. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर ती अजून तिथेच होती, दुसऱ्याच कोणाला तरी हात हलवून निरोप देत.